वजूखान्यातली मुजाहमत

उर्दू अखबार उघडला की 'मुजाहमत' हा शब्द हमखास भेटतो. कुठल्यातरी मुलकातले लोक कुठल्यातरी फौजेची मुजाहमत करीत असतात. हाच शब्द नववीच्या सायन्सच्या किताबात येतो तेव्हा मात्र तो तांब्याच्या तारेत शिरलेला असतो. बर्की रौ, म्हणजे विजेचा प्रवाह, तारेतून जाऊ लागला की तार त्याला जी आडकाठी करते ती मुजाहमत. दरवर्षी वर्गात एखादा तरी विचारतोच, "सर, तार भी लडती है क्या?" लढत नाही बाबा, पण गरम होते, असं आम्ही सांगतो आणि फळ्याकडे वळतो.

शेजारच्या मराठी शाळेतल्या पोराला हीच गोष्ट 'रोध' या नावानं भेटते, इंग्रजी शाळेतल्याला 'रेझिस्टन्स' म्हणून. मोंढ्यातल्या वायरमनला विचाराल तर त्याच्याकडे तिच्यासाठी नावच नाही. तो म्हणतो, "जॉइंट लूज हाय", "वायर पतली पडायली", "लोड घेईना गेलंय". गोष्ट एकच, पण आमच्या मुलांना ती चार दारांतून चार वेगळ्या माणसांसारखी दिसते. या सगळ्या गोंधळात एकच दिलासा म्हणजे मापांची नावं. इटलीचा व्होल्टा, फ्रान्सचा अँपिअर, जर्मनीचा ओहम आणि स्कॉटलंडचा वॅट ही माणसं तर्जुमा न होता सगळ्या भाषांत जशीच्या तशी जाऊन बसली आहेत.

उर्दूत सायन्स शिकवता येत नाही असं कुणी म्हटलं की आम्हाला हसू येतं. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया युनिव्हर्सिटी निघाली, तिच्या आदल्या वर्षीच तर्जुम्याचं खातं उभं राहिलं होतं, आणि पुढं डॉक्टरी नि इंजिनिअरिंगदेखील तिथं उर्दूतून शिकवलं गेलं. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र हे गणिताचे पंडित उर्दूतून शिकवीत होते. शब्दांची वाण कधीच नव्हती. अडचण पुढं आहे. १९४८ नंतर उस्मानियातली उर्दू मागं पडली आणि इंग्रजी आली. आमची उर्दू शाळा आज दहावीला, फार तर बारावीला संपते. तिथून पुढचा रस्ता दुसऱ्या भाषेतून जातो, आणि त्या वळणावर फाटक लावून कुणी उभं नसलं तरी मुलं आपणहून थांबतात.

आमचा एक विद्यार्थी असाच थांबला. हाताचा फार हुशार. घरातला बिघडलेला पंखा चौथीत असताना खोलून परत बसवलेला. दहावीनंतर त्याला एका आयटीआयमध्ये वीजतंत्रीला प्रवेश मिळाला. महिना झाला नाही तोच तो घरी. आम्ही चौकशीला गेलो तर त्याची अम्मी म्हणाली, "सर, उसकू वहाँ का समझताच नही." तो स्वतः काही बोलेना. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वहाँ रोध-रोध बोलते. मेरेकू लगा कुछ नया है." ज्याला मुजाहमत पाठ होती, व्होल्टला अँपिअरनं भागलं की ती निघते हेही पाठ होतं, तो पोरगा 'रोध' हा अडीच अक्षरांचाही नसलेला शब्द ओलांडू शकला नाही. मग तो गावातल्याच एका वायरमनभाईच्या हाताखाली पिशवी धरायला लागला.

ओहम हा मुळात शाळामास्तर होता, हे आमच्या मुलांना आवर्जून सांगावंसं वाटतं. गेऑर्ग सिमोन ओहम, जन्म १७८९, गाव एर्लांगेन. बाप कुलपं करणारा. स्वतःच वाचून शिकलेल्या त्या बापानंच मुलांना गणित शिकवलं. १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत गणित नि पदार्थविज्ञान शिकवी आणि शाळेच्याच सामानावर रिकाम्या वेळात प्रयोग करी. त्याची पंचाईत आमच्यासारखीच होती, म्हणजे व्होल्टेज टिकत नव्हतं. त्या काळची बॅटरी प्रवाह सुरू होताच मंदावायची. मग पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञानं सुचवलं म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. यातून मिळणारा जोर अगदी थोडा, पण जागचा न हलणारा. त्यावर त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून पाहिल्या आणि कायदा हाती आला. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं, तर मायदेशात फारशी कुणी दखल घेतली नाही. नोकरीही सोडावी लागली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं तेव्हा लोकांचे डोळे उघडले. म्यूनिकला पदार्थविज्ञानाची गादी मिळाली ती १८५२ साली, आणि १८५४ साली तो वारला.

कायदा एवढाच की तार तीच, तिचं तापमान तेच, तर व्होल्ट जितक्या पटीनं वाढवाल तितक्याच पटीनं अँपिअर वाढतात. म्हणून व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम मिळतात, आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट. एक भागाकार नि एक गुणाकार, पाचवीच्या मुलाला जमणारा. परीक्षेत याला दोन-तीन गुण असतात, ते मुलं घेतात आणि विसरतात.

'तापमान तेच' या दोन शब्दांवर मुलांची नजर ठरत नाही. आम्ही एकदा वर्गात ६० वॅटचा तारेचा बल्ब नेला. हिशेबानं त्याची मुजाहमत यायला हवी २३० गुणिले २३० भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. मल्टिमीटर लावला तर आकडा सत्तरच्याही खाली. वर्गात जल्लोष झाला, "सर, कायदा झूठा निकला!" कायदा खरा होता. मीटर थंड बल्बची मुजाहमत सांगत होता आणि हिशेब पेटलेल्या बल्बची. टंगस्टनची ती बारीक तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिची मुजाहमत बारा-तेरा पट होते. म्हणूनच जुना बल्ब बहुधा बटण दाबतानाच जातो. थंड तार त्या क्षणी भरमसाट प्रवाह ओढून घेते.

हे सगळं वर्गातलं झालं. २०२३ च्या डिसेंबरात मात्र ओहम मोहल्ल्याच्या मशिदीत आला. परभणीकडची थंडी ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको. फजरला वजूचं पाणी हाताला चावतं. कुणा दानशूरानं वजूखान्यासाठी २५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर दिला होता. मुअज्जिनसाहेब अजानच्या अर्धा तास आधी उठून तो चालू करायचे, तरी पाणी जेमतेम कोमट व्हायचं. बुजुर्ग कुरकुरायचे. कुणी म्हणे गीझर हलका आहे, कुणी म्हणे मुअज्जिनसाहेब उशिरा उठतात. ते बिचारे ऐकून घ्यायचे. त्यातच जमातीच्या सदरसाहेबांनी हिशेब मांडला की गीझर जास्त वेळ चालतो म्हणजे बिल जास्त येतं, तेव्हा हा गीझर काढूनच टाकावा. एका जुम्याला नमाजनंतर त्यांनी आम्हाला गाठलं. "सर, तुम्ही सायन्सचे. सांगा, ठेवायचा का काढायचा?"

आम्ही म्हटलं, चार दिवस द्या.

वायरमनभाईंना बोलावलं. त्यांच्याकडे तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर असतो. तार न तोडता तो अँपिअर सांगतो. त्यांच्याबरोबर पिशवी धरून आमचा तो विद्यार्थीही आला. दहावीच्या वर्गातली चार मुलं वही-पेन्सिल घेऊन आली. त्यांना आम्ही सक्त ताकीद दिली होती की हात पाठीमागं ठेवायचे आणि फक्त आकडे लिहायचे. पहिला आकडा दुपारचा घेतला. गीझरपाशी २२८ व्होल्ट, ८.६ अँपिअर. दुसरा फजरच्या आधीचा. गावाभोवती रात्रभर शेतीचे पंप चालू असतात. तेव्हा गीझरपाशी होते १८० व्होल्ट आणि ६.८ अँपिअर.

मुलांनी वजूखान्याच्या कट्ट्यावर बसून भागाकार केला. २२८ भागिले ८.६, साडेसव्वीस ओहम. १८० भागिले ६.८, पुन्हा साडेसव्वीस. एकानं वही उंच धरून दाखवली. गीझरच्या सळईतली निक्रोमची तार बल्बच्या तारेसारखी बदलत नाही, आणि भोवती पाणी असल्यानं ती फार तापतही नाही. ओहमला कोलोनमध्ये जे समाधान मिळालं असेल त्यातलं थोडं त्या पोरांना त्या थंडीत मिळालं असावं.

मग गुणाकार. दुपारी १९६० वॅट, पहाटे १२२४. व्होल्टेज एक पंचमांशापेक्षा थोडंच जास्त उतरलं होतं, पण ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. कारण व्होल्ट कमी झाले की अँपिअरही कमी होतात आणि फटका दोन्हीकडून बसतो. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ वर न्यायला पूर्ण २००० वॅटवर सुमारे २६ मिनिटं लागतात, १२२४ वॅटवर ४३. मुअज्जिनसाहेब अर्धा तास आधी उठत होते. दोष त्यांच्या झोपेचा नव्हता. हे आम्ही सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, मुलांसाठी चहा सांगायला गेले.

सदरसाहेबांच्या बिलाचाही निकाल याच आकड्यांत होता. तेवढं पाणी तापवायला वीज लागते पाऊण युनिटाच्या थोडी वर, ती २६ मिनिटांत द्या नाहीतर ४३ मिनिटांत. मीटर वॅट आणि वेळ यांचा गुणाकार मोजतो, नुसता वेळ नव्हे. सावकाश तापणारा गीझर महाग पडत नाही. (बोअरच्या मोटरीला मात्र हा हिशेब लावू नये. व्होल्टेज पडलं की मोटर उलट जास्त प्रवाह ओढते नि जळते, आणि तिथं व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे थेट वॅट असंही नसतं. हे सदरसाहेबांना समजावताना मगरीबची अजान झाली, म्हणून ते तसंच राहिलं.)

इथं गोष्ट संपली असती. पण त्या पिशवीवाल्या पोरानं विचारलं, "सर, मीटर के पास कितना था?" दारापाशी, जिथं विजेचा मीटर बसवला आहे, तिथं गीझर चालू असतानाच त्यानं नि वायरमनभाईंनी व्होल्ट पाहून ठेवले होते. तिथं १८८, गीझरपाशी १८०. मग मधले आठ व्होल्ट गेले कुठं?

तार खाते, असं वायरमनभाई म्हणाले. खरं आहे, तार खाते, पण किती? अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन पन्नास मीटर. तिची मुजाहमत होते ०.३४ ओहम. ६.८ अँपिअरला ती खाणार सव्वादोन-अडीच व्होल्ट. आठ व्होल्ट भागिले ६.८ केले तर वाटेत एकूण १.१८ ओहम दिसत होते. म्हणजे ०.८४ ओहम असे होते की ज्यांचा मालक सापडत नव्हता. पाऊण-एक ओहम म्हणजे काय, काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण जिथं प्रवाह जातो तिथली उष्णता अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले ओहम अशी निघते. हे १८४०-४१ साली मँचेस्टरकडच्या एका दारू गाळणाऱ्याच्या मुलानं, जूलनं, शोधून काढलं. ६.८ गुणिले ६.८ गुणिले ०.८४, म्हणजे ३८-३९ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाला ज्या डाग देण्याच्या सळईनं शिसं वितळवतो ती २५ वॅटची असते. इतकी उष्णता मशिदीत कुठंतरी एका बोटाएवढ्या जागेत रोज पहाटे निघत होती. पन्नास मीटरच्या तारेतही सोळा-एक वॅट निघत होते, पण ते सगळ्या तारेवर पसरलेले, हाताला कळणारही नाहीत. आणि ज्या दिवशी व्होल्टेज चांगलं, त्या दिवशी ८.६ अँपिअरवर तोच सांधा ६२ वॅट ओकत होता. नमाजी खूश की आज पाणी छान तापलं, आणि धोका नेमका त्याच दिवशी वाढलेला.

एमसीबी का पडला नाही, असं मुलांनी विचारलं. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. एमसीबी प्रवाह जादा झाला तरच पडतो. ढिला सांधा प्रवाह वाढवत नाही, थोडा कमीच करतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला ६.८ अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. सांधा तापून तांबूस झाला, प्लॅस्टिक वितळलं, तरी त्याला पत्ता लागत नाही. ते फक्त मीटरच्या दोन आकड्यांना आणि हाताच्या तळव्याला कळतं.

मेन बंद करून वायरमनभाईंनी जोड शोधायला घेतले. तिसऱ्या जागी सापडला. लाकडी कपाटाच्या वर, जिथं जादा कालीन गुंडाळून ठेवतात, तिथं एक जोडपेटी होती. आत दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला. टेप कोळसा झाला होता आणि पेटीचं झाकण आतून वाकलं होतं. कपाटावर कालीन, खाली चटया, शेजारच्या खोलीत लहान मुलांचा मकतब. सदरसाहेब बराच वेळ ते झाकण हातात घेऊन उभे होते.

जोड काढून पितळी कनेक्टरमध्ये घट्ट बसवला. पुन्हा आकडे घेतले तर मीटर ते गीझर अडीच व्होल्टचा फरक, म्हणजे तार खाते तेवढाच.

आता राहिली दुसरी तक्रार. ती कुणी मोठ्यानं करत नव्हतं. नळाला हात लावला की कधी कधी मुंग्या येतात, असं दोन-तीन बुजुर्ग सांगायचे. थंडीनं येत असतील असं समजून सोडून द्यायचे. वायरमनभाईंनी टेस्टर लावला तर नळाच्या तोटीवर तो मंद पेटला. गीझरच्या प्लगचा तिसरा, जाडा पिन सॉकेटात बसत होता, पण सॉकेटच्या मागं त्याला तारच जोडलेली नव्हती. अर्थिंग नाव पुरतं.

कोरड्या कातडीची मुजाहमत हजारो ओहम असते, कधी लाखाच्या घरात. म्हणून कोरड्या हाताचा माणूस पुष्कळदा झटका खाऊनही वाचतो. पण वजू करणारा माणूस कसा असतो ते पाहा. कोपरापर्यंत हात ओले, पाय ओले, अनवाणी, ओल्या फरशीवर. त्याची मुजाहमत हजार ओहमच्या आसपास धरावी. गीझरची सळई फुटून पुरे २३० व्होल्ट तोटीवर आले तर २३० भागिले हजार, पाव अँपिअरच्या जवळ. माणसाचं हृदय थांबायला याच्या अर्ध्याहूनही कमी पुरतं. एमसीबी इथंही पडणार नाही, पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीत नाही. यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण लागतं. ते जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह यांची तुलना करतं, आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज तिसऱ्याच वाटेनं निघाली, की डोळ्याचं पातं लवण्याआधी तोडतं.

कमिटीत यावर चर्चा झाली. मिनारवर रोषणाईच्या माळा लावायचं आधीच ठरलं होतं, चंदाही त्याच नावानं जमला होता. अर्थिंगचा खड्डा, तार आणि आरसीसीबी यांचा खर्च त्यातून करावा की नाही यावर दोन मतं पडली. एकानं म्हटलं, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, अल्लाह मालिक है. मुअज्जिनसाहेब, जे कमिटीत कधी बोलत नाहीत, म्हणाले, "उंट बांधून मग तवक्कुल करावं, हे आपणच मुलांना शिकवतो ना." माळा पुढच्या वर्षावर गेल्या.

आरसीसीबी बसवला त्या पहिल्याच फजरला तो पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. लोकांनी नव्या यंत्राला नावं ठेवली. वायरमनभाईंनी गीझर खोलला तर सळईला केसाएवढी चीर. ती बदलल्यावर यंत्र मुकाट राहिलं. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुअज्जिनसाहेब त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहतात.

हा सगळा हिशेब आम्ही दहावीला फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, मस्जिद का तो हो गया. हमारे घर का?" तिची अम्मी घरी इस्त्रीचं काम करते, हजार वॅटची इस्त्री, दिवसाला पाच-सहा तास. आम्ही सांगितलं की इस्त्री अर्धा तास चालल्यावर बटण बंद करायचं, हात कोरडे ठेवायचे, प्लग काढायचा आणि त्याचे पितळी पिन चिमटीत न धरता तळवा जवळ नेऊन पाहायचं. ऊब नीट जाणवली तर तिथं मुजाहमत बसलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिनं तो प्लग कागदात गुंडाळून आणला. एका पिनभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. सॉकेट बदलायला दीडशे रुपये लागतील म्हणून अब्बा पुढच्या महिन्यात बघू म्हणाले होते. तिनं वहीत वॅटचा हिशेब करून त्यांच्यापुढं ठेवला. सॉकेट त्याच आठवड्यात बदललं.

आमच्या फळ्यावर आता प्रत्येक शब्द तिनदा लिहिला जातो. मुजाहमत, रोध, रेझिस्टन्स. बर्की रौ, विद्युतधारा, करंट. वेळ जातो, अभ्यासक्रम मागं पडतो, मुख्याध्यापक अधूनमधून विचारतात. पिशवीवाल्या पोरानं ही यादी मोबाइलमध्ये फोटो काढून नेली. यंदा त्यानं आयटीआयचा फॉर्म पुन्हा भरला. वीजतंत्री पहिल्या पसंतीला, तारतंत्री दुसऱ्या. यादी अजून लागायची आहे.